वळणावर पकडलेली धूळ

दट्ट्या मागे ओढा, खटका अडकेपर्यंत. आता यंत्र छातीच्या उंचीवर धरा आणि चाप सोडा.

साल १९१६. तुम्ही जोहान्सबर्गजवळच्या सोन्याच्या खाणीत उभे आहात. सुरुंग उडून बराच वेळ झालाय, जाडी धूळ खाली बसली आहे, आणि कंदिलाच्या उजेडात समोरची हवा तुम्हाला स्वच्छच वाटते आहे. हातातल्या यंत्राला एक बारीक तोटी आहे आणि तोटीच्या अगदी पुढ्यात व्हॅसलिन फासलेली काच. चाप सुटताच थोडी हवा तोटीतून झपकन आत शिरली, काचेवर आपटली आणि बाजूनं निघून गेली. धूळ मात्र काचेला चिकटली. वर जाऊन ती काच सूक्ष्मदर्शकाखाली धरलीत, की त्या ‘स्वच्छ’ हवेतले ठिपकेच ठिपके दिसतील.

हे कोनिमीटर, दक्षिण आफ्रिकेचे सरकारी खाण अभियंता रॉबर्ट कोत्झे यांचं. गारगोटीची ही भुकटी खाणकामगारांच्या फुफ्फुसांत खोल जाऊन बसते, फुफ्फुसं निबर होत जातात आणि माणूस धापा टाकत मरतो. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. डोळ्यांना दिसणारी धूळ आणि जीव घेणारी धूळ वेगवेगळी आहे, हे या खाणींना मोठी किंमत मोजून कळलं. कोत्झेंच्या यंत्रानं न दिसणारी धूळ काचेवर आणली खरी, पण लहानमोठे सगळे कण एकाच ठिपक्यात पडतात, आणि फार बारीक असतात ते तर काचेला हुलकावणी देऊन निघूनच जातात. इथे जास्त थांबण्यात अर्थ नाही. चला.

पोर्टन डाउन, इंग्लंड. १९४० चं दशक नुकतं सुरू झालंय, युद्ध पेटलेलं आहे. सॅलिसबरीजवळच्या खडूच्या माळरानावर तुम्ही आलात ती ब्रिटनच्या रासायनिक युद्धाची प्रयोगशाळा. गळ्यात कोणाचं तरी ओळखपत्र अडकवलंय असं समजू, नाहीतर फाटकातच तुमचा प्रवास संपला असता. विमानातून किंवा तोफगोळ्यातून विषारी द्रव फवारला, तर त्याचे थेंब किती मोठे होतात, वाऱ्यावर किती लांब जातात आणि माणसाच्या नाकाशी अडतात की छातीत उतरतात, एवढं इथल्या मंडळींना हवं आहे. विषय भीषण आहे. पण आज दम्याच्या प्रत्येक इन्हेलरची जी चाचणी होते, तिचं मूळ याच टेबलावर आहे, ते नाकारता येत नाही.

टेबलावरचं पितळी यंत्र केनेथ मे यांचं. उचलून पाहा. आत चार फटी आहेत, एकीमागे एक. पहिली रुंद, दुसरी तिच्यापेक्षा अरुंद, तिसरी आणखी अरुंद, चौथी सगळ्यांत बारीक. प्रत्येक फटीसमोर सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी. शेपटाला पंप लावलेला, मिनिटाला साडेसतरा लिटर हवा ओढणारा. चारही फटींतून हवा तेवढीच जाते, म्हणून फट जितकी अरुंद तितका झोत वेगवान.

आता हवेबरोबर तुम्हीच आत शिरा. पहिल्या फटीतून बाहेर पडताच समोर काचेची भिंत येते. हवा तिथे काटकोनात वळते. तिच्याबरोबरचे कण वळतील का? खळ्यावर उफणणी पाहिलेल्यांना हे सांगायला नको. वावडीवर उभा राहून माणूस पाटी ओततो, दाणा सरळ खाली येतो आणि भूस वाऱ्याबरोबर पुढे जातं. इथे तेच घडतं, फक्त वारा सरळ न वाहता वळतो. जड कणाला आपली दिशा सोडवत नाही, तो सरळ जाऊन काचेवर आदळतो. हलका कण हवेच्या मर्जीनं वळतो आणि दुसऱ्या फटीकडे निघतो. तिथे झोत जास्त वेगाचा, वळण जास्त अवघड, म्हणून पहिल्या वळणावर सुटलेल्यांतले काही इथे आपटतात. चौथ्या काचेपर्यंत पोचतात ते सगळ्यांत बारीक. पंप बंद करून चारही काचा काढल्या, की एकाच हवेतली धूळ आकारानुसार चार ढिगांत वाटलेली मिळते. एकामागून एक वळणांच्या या यंत्राला मे यांनी ‘कॅस्केड इम्पॅक्टर’ म्हटलं आणि १९४५ साली त्याचं वर्णन छापून प्रसिद्ध केलं.

मला या यंत्रातली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते ती अशी, की ते कणाला पट्टी लावतच नाही. कण गोल आहे की तुकड्यासारखा, शिशाचा आहे की काजळीचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वळणावर कण कसा वागतो, एवढंच ते पाहतं. पाण्याच्या घनतेचा पाच मायक्रॉनचा गोल थेंब हवेत ज्या वेगानं खाली बसेल, त्याच वेगानं बसणारा कोणताही कण पाच मायक्रॉनचा मानायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली तो तीनाचा दिसो की आठाचा. याला वायुगतिक व्यास म्हणतात. आणि श्वासाला हाच व्यास कळतो, कारण नाक, घसा, श्वासनळी आणि तिचे फाटे हीसुद्धा वळणांची मालिकाच आहे. जाडे कण नाकाघशात आपटतात, मधले श्वासनळीच्या फाट्यांवर, आणि अगदी बारीक ते तळाच्या वायुकोशांपर्यंत उतरतात. यंत्र आणि छाती धूळ एकाच रीतीनं निवडतात.

निघण्याआधी शेजारच्या टेबलावर नजर टाका. काचपट्टीखाली मॅग्नेशियमची फीत जाळताहेत. फीत लख्ख पेटते आणि काचेवर पांढऱ्या भुकटीचा नाजूक थर बसतो. त्यावर थेंब पडला की गोल खड्डा उमटतो. थेंब वाळून उडून गेला तरी खड्डा राहतो, आणि खड्ड्याचा व्यास ०.८६ नं गुणला की थेंबाचा व्यास हाती येतो. मे यांनी ही रीत १९५० मध्ये छापली. यंत्र बनवणाऱ्यांचं निम्मं आयुष्य अशा कामात जातं. कण पकडणं एक वेळ सोपं, पण कोणत्या काचेवर नेमक्या कोणत्या आकाराचे कण पडतात हे सिद्ध करायचं तर आधी ठाऊक आकाराचे एकसारखे थेंब बनवता यायला हवेत. त्यासाठी गरगर फिरणाऱ्या तबकडीच्या कडेवरून थेंब उडवणारी वेगळी यंत्रं याच काळात घडली.

लंडन, डिसेंबर १९५२. तोंडावर रुमाल धरा. ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत शहरावर धुरकं बसलंय, कोळशाच्या शेगड्या आणि वीजकेंद्रं धूर ओकताहेत, हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. सुमारे ४,००० माणसं नेहमीपेक्षा जास्त मेली, असा हिशोब त्या वेळी झाला. पुढच्या अभ्यासांनी तो १२,००० पर्यंत नेला. मोजमाप चालू होतं की. हवा पांढऱ्या गाळणकागदातून ओढायची आणि कागद किती काळा पडला ते पाहायचं. आकाराचा प्रश्न त्या कागदाला विचारताच येत नव्हता. सात वर्षांपूर्वी छापलेलं मे यांचं यंत्र याच देशातलं होतं, पण शहरातलं रोजचं मोजमाप त्यानं होत नव्हतं. लढाईसाठी झालेलं मोजमाप नागरिकांच्या कामी यायला नेहमीच उशीर लागतो.

१९५८. अमेरिकेत अँडरसन नावाच्या शास्त्रज्ञानं फटींच्या जागी भोकं आणली आहेत. एकाखाली एक सहा मजले, प्रत्येक मजल्यावर ४०० भोकं, आणि त्याखाली जिवाणू वाढवायची अगार घातलेली पेट्री बशी. वरच्या मजल्याची भोकं १.१८ मिलिमीटरची, तळातली पाव मिलिमीटरची. मिनिटाला एक घनफूट हवा. बशा उबवून ठेवल्या की जिवंत कण वसाहती करून आपणच हजेरी देतात. एका भोकातून दोन जिवाणू गेले तर वसाहत एकच दिसते, म्हणून हिशोबात दुरुस्तीचा तक्ता ठेवावा लागतो. हा सहा मजली डबा रुग्णालयांत, गोठ्यांत आणि औषधांच्या कारखान्यांत आजही वापरतात. आठ मजल्यांचा त्याचा भाऊ इन्हेलरमधलं औषध घशातच अडकेल की फुफ्फुसात उतरेल ते सांगतो.

पासाडीना, कॅलिफोर्निया, १९६९. बाहेर लॉस एंजेलिसचं पिवळट धुरकं आहे आणि डोळे चुरचुरताहेत. मिनेसोटाहून केनेथ व्हिटबी आपली यंत्रं घेऊन इथे आलेत. ती कणांना विद्युतभार देऊन मोजतात, प्रकाश टाकून मोजतात, आणि एका आलेखात आडव्या रेषेवर आकार तर उभ्या रेषेवर त्या आकाराच्या कणांचं एकूण आकारमान मांडतात. आलेखाकडे नीट पाहा. एकच उंचवटा दिसायला हवा होता, दिसताहेत दोन. एक मायक्रॉनच्या आत एक टेकडी, पाच-दहा मायक्रॉनच्या आसपास दुसरी, आणि मध्ये खिंड.

दोन टेकड्यांची कुळं वेगळी आहेत. जाडी टेकडी दगड फुटून, माती उडून, टायर घासून, काहीतरी झिजून तयार होते. बारीक टेकडी जळण्यातून येते. धुरातून, आणि धुरातले वायू हवेत गोठून. झिजण्यातून इतकं बारीक सहसा होत नाही आणि जळण्यातून इतकं जाडं सहसा होत नाही, म्हणून मधली खिंड. आता बंदूक कुठे रोखायची ते समजलं. हवा खिंडीत कापा, म्हणजे धूर एकीकडे आणि माती दुसरीकडे पडेल.

पण नेमकं तिथेच कापणारं यंत्र कागदावर आखता येतं का? त्यासाठी मिनियापोलिसला या. १९७०, मिनेसोटा विद्यापीठ, व्हर्जिल मार्पल नावाचा संशोधक आपला प्रबंध पुरा करतोय. तोपर्यंत इम्पॅक्टर बनवणं म्हणजे अनुभव, अंदाज आणि कानस. मार्पलनं झोताची समीकरणं संगणकाकडून सोडवून घेतली, हवा काचेशी कशी वळते त्याच्या रेषा काढल्या, आणि त्या रेषांमध्ये कण सोडून कोण आपटतो, कोण सुटतो ते पाहिलं. निघालेले नियम इतके साधे आहेत की तुम्ही ते खिशात ठेवून फिरू शकता. भोक गोल असेल तर काच त्याच्यापासून निदान एका व्यासाइतकी लांब हवी, फट असेल तर रुंदीच्या दीडपट. झोत फार मंद नको आणि फार खवळलेला नको. हे पाळलं, की कोणते कण जातील आणि कोणते अडतील त्याची वक्ररेषा जवळजवळ उभी होते. बरोबर निम्मे कण जिथे अडतात आणि निम्मे सुटतात, तो आकार म्हणजे यंत्राचा कट-पॉइंट.

हिशोब करून बघायचाय? कट-पॉइंटचा वर्ग भोकाच्या व्यासाच्या सम प्रमाणात आणि झोताच्या वेगाच्या व्यस्त प्रमाणात असतो. हवेचा प्रवाह तोच ठेवून भोक लहान केलं तर वेग आपोआप वाढतो, म्हणून दोन्हींकडून फायदा होतो. कट-पॉइंट निम्मा करायला व्यास निम्मा करावा लागत नाही, ६३ टक्क्यांवर आणला की भागतं. उलटही ध्यानात ठेवा. पंप थकला, गाळणकागद धुळीनं तुंबला, हवा कमी ओढली गेली, तर कट-पॉइंट वर सरकतो आणि अडायला हवे होते ते जाडे कण आत घुसतात. यंत्र तेच, शिक्का तोच, आणि मोजलं जातंय भलतंच. म्हणून चांगल्या यंत्रात निम्मी अक्कल प्रवाह कायम राखणाऱ्या भागात असते.

आणखी एक भूत आहे आणि त्यानं १९७० चं दशक खाल्लं. ते म्हणजे उसळी. द्रवाचा थेंब काचेवर पडतो तिथेच राहतो, पण वाळूचा कोरडा कण आपटून उडी मारतो, झोतात परत शिरतो आणि खालच्या मजल्यावर, शेवटी तळाच्या फिल्टरवर, बारीक कणांच्या पंगतीत जाऊन बसतो. दहा मायक्रॉनचा एक कण अडीच मायक्रॉनच्या ६४ कणांइतका जड. असे थोडे जरी खाली घसरले तरी बारीक धुळीचा आकडा फुगतो. काचेला ग्रीस लावा, व्हॅसलिन लावा, तेल लावा. पण पहिला थर बसला की पुढचे कण तेलावर न पडता धुळीवरच पडतात आणि पुन्हा उसळी सुरू.

यावर एक देखणा तोडगा निघाला. काचच काढून टाका! झोतासमोर भिंतीऐवजी दुसरी नळी धरा, तिच्यातून हवा अगदी हळू ओढा, एकूण प्रवाहाचा दहावा हिस्सा. बाकीची हवा बाजूला वळते आणि बारीक कण घेऊन जाते, जाडे कण सरळ त्या संथ नळीत शिरतात. आपटायला काही नाही, तर उसळणार कशावरून? दोन्ही वाटांना फिल्टर लावला की जाडी आणि बारीक धूळ वेगळी वजन करता येते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं अशी दुहेरी यंत्रं बसवली, आणि खिंडीतला कापण्याचा बिंदू ठरला २.५ मायक्रॉन. व्हिटबींच्या आलेखातली खिंड एक ते तीन मायक्रॉनच्या दरम्यान पसरलेली आहे, तिथे २.५ वर दगड पुरलेला नाही. तो बांधता येईल, तपासता येईल, वापरता येईल असा निवडलेला आकडा आहे.

निवड लागू पडली. ओहायोतलं स्टुबेनव्हिल हे पोलादाचं काजळलेलं गाव, विस्कॉन्सिनचं पोर्टेज, आणि आणखी चार. सहा गावांतली ८,१११ माणसं हार्वर्डच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं पाहिली. १९९३ मध्ये निकाल छापला गेला. सगळ्यांत मळक्या गावात मृत्यूचं प्रमाण सगळ्यांत स्वच्छ गावापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त, विडीकाडी वगैरे हिशोबात धरूनही, आणि त्या मृत्यूंची बारीक कणांशी सांगड ठळक. एकूण धुळीचं वजन मोजत बसलो असतो तर जाड्या मातीनं तो संबंध झाकून टाकला असता.

म्हणून १९९६, नॉर्थ कॅरोलायना. आता कायदा व्हायचाय, आणि कायद्याला यंत्राची नेमकी व्याख्या हवी. तुमच्यासमोरचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा हातात घ्या. टोपीतून मिनिटाला १६.७ लिटर हवा आत येते आणि ३.९ मिलिमीटरच्या एकाच भोकातून खाली झेपावते, सेकंदाला सुमारे २३ मीटरनं, म्हणजे हायवेवर नीट चाललेल्या मोटारीच्या वेगानं. समोर काच नाही, विहीर आहे. तिच्या तळाशी काचतंतूंचा कागद, आणि त्यात मुरलेलं एक मिलिलिटर तेल. जाडे कण तेलात बुडतात, वर नवीन तेल झिरपून येतं, उसळीला जागाच उरत नाही. सुटलेले बारीक कण खालच्या टेफ्लॉनच्या फिल्टरवर जमतात. चोवीस तासांत २४ घनमीटर हवा जाते. मग फिल्टर ठरावीक तापमानाच्या आणि कोरडेपणाच्या खोलीत दिवसभर ठेवायचा आणि मायक्रोग्रॅमपर्यंत तोलायचा. १९९७ चं अमेरिकन पीएम २.५ (म्हणजे अडीच मायक्रॉनखालच्या धुळीचं) मानक याच डब्याच्या मापानं लिहिलं गेलं. कायद्याच्या पुस्तकात भोकाचा व्यास आणि तेलाचं प्रमाण छापलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

तरी डबा निर्दोष नाहीच. कडाक्याच्या थंडीत ते तेल गोठून स्फटिक होतं, म्हणून पुढे दुसऱ्या तेलाला परवानगी द्यावी लागली. जिथे जाडी माती फार, तिथे भोकाखाली धुळीचा सुळका चढतो आणि कट-पॉइंट हलतो, म्हणून काही दिवसांनी विहीर धुवावी लागते. हवेला गरगर फिरवून जाडे कण भिंतीवर फेकणारे सायक्लोन नंतर याच जागी आले. त्यांना तेल लागत नाही, आणि आता बहुतेक ठिकाणी तेच बसवतात.

आता घरी या. आपल्याकडे शहरांतल्या गच्च्यांवर तिरक्या छपराची गुरगुरणारी पेटी वर्षानुवर्षं दिसायची, मिनिटाला घनमीटरभर हवा ओढणारी. सायक्लोन लावलेल्या पेटीत दहा मायक्रॉनच्या वरची धूळ खालच्या पेल्यात पडायची, बाकीची मोठ्या पांढऱ्या फिल्टरवर. फिल्टर बदलायला जिना चढून जाणारी माणसं हे काम उन्हापावसात करत आली आहेत. पीएम २.५ चं राष्ट्रीय मानक आलं नोव्हेंबर २००९ मध्ये. घनमीटरमागे चोवीस तासांना ६० मायक्रोग्रॅम, वर्षाची सरासरी ४०. आज मुंबई-पुण्यातल्या स्वयंचलित केंद्रांवर हवा आधी सायक्लोनमध्ये कापली जाते आणि मग फितीवर जमलेली धूळ बीटा किरणांनी तोलली जाते.

मोबाइलवर, दुकानातल्या हवाशुद्धीच्या यंत्रावर, सोसायटीच्या फाटकावर लागणारा आकडा मात्र बहुधा स्वस्त सेन्सरचा असतो. त्यात वळण नाही, विहीर नाही, सायक्लोन नाही. एक लेझर कणांवर पडतो, विखुरलेला उजेड मोजला जातो आणि त्यावरून वजन ताडलं जातं. रस्त्याकडेची जाडी धूळ त्याला जवळजवळ दिसतच नाही, आणि पावसाळी दमट हवेत पाणी पिऊन फुगलेले कण त्याला खऱ्यापेक्षा जड भासतात. दिवसभरातला चढउतार पाहायला तो उपयोगी आहे, फेकून देऊ नका. पण त्याच्या भरवशावर बांधकामवाल्याशी किंवा पालिकेशी भांडायला जाणार असाल, तर आधी एक प्रश्न विचारून घ्या: या यंत्रानं हवा कुठे कापली? उत्तर मिळालं नाही, तर जवळच्या सरकारी केंद्राचा चोवीस तासांचा आकडा काढा आणि तो घेऊन भांडा.